मॅस्डेव्हॅलियाची हिरवी पानं गळतायत, खत वाढवू का?

पाऊसपाणी:
मॅस्डेव्हॅलिया टोव्हारेन्सिस हे ऑर्किड आणून पाच महिने झाले. आली तेव्हा अकरा पानं होती, आता चार. पान पिवळं पडत नाही, सुकत नाही. हिरवंगार असतानाच हात लागला की देठातून सुटून येतं. उरलेल्यांची टोकं काळी. कुंडीत सालीचे मोठे तुकडे आहेत. पाणी आठवड्यातून एकदा, कारण जिथे तिथे "ऑर्किडला पाणी कमीच" असं वाचलंय. दिवसा खोली २४ अंशांच्या वर जात नाही. मग बिघडतंय कुठे? खत कमी पडतंय का?

शेवाळवेडी:
खताची बाटली आधी कपाटात ठेवा. दिवसाचं तापमान सांगितलंत, रात्रीचं? या झाडांचं सगळं गणित रात्रीवर आहे. डोंगरातल्या ढगाळ जंगलात रात्री १२-१३ अंशांपर्यंत उतरतं. रात्र उबदार राहिली की झाड दिवसा कमावलेलं अन्न श्वसनातच उडवून टाकतं.

पाण्याचा तो सल्ला गाठी असलेल्या ऑर्किडचा. कॅटलियाच्या फुगीर खोडात पाणी साठतं. मॅस्डेव्हॅलियाला ती टाकीच नाही, जे काही आहे ते जाडसर पानांत. मोठ्या सालीत आठवडाभर कोरडं म्हणजे तिच्यासाठी दुष्काळ. मी लहान कुंडीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) सैलसर भरते. बोट दाबलं की ओल लागावी, थेंब गळू नये, पिळलेल्या फडक्यासारखं.

आता माझा पराक्रम. पहिली दोन रोपं मी काचेच्या बंद पेटीत ठेवली होती, दमटपणा हवा म्हणून. काचेवर दव धरलेलं बघून काय आनंद झाला होता! पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर कुबट वास, आणि पानांच्या बुडाशी उकडल्यासारखे काळपट डाग. दमट हवा हवी, पण हलती. तेव्हापासून कॉम्प्युटरचा एक छोटा पंखा दिवसरात्र चालू असतो.

उलटीटोपली:
बाकी मान्य, पण मॉसचं एवढं कौतुक नको. वर्षभरात कुजून त्याचा चिखल होतो, मग मुळं गुदमरतात. मी बारीक साल वापरतो आणि जवळजवळ रोज पाणी घालतो. हात सढळ असेल तर साल, विसराळू असाल तर मॉस.

तुमचा प्रश्न नाही तरी सांगतो, पुढे ड्रॅक्युला (मॅस्डेव्हॅलियाच्या जवळचंच ऑर्किड) घ्यावीशी वाटली तर साधी कुंडी नको. तिचा फुलदांडा खाली वळतो. माझी कळी कुंडीच्या तळाशी अडकून कुजली, मला कळलं ते कुंडी बदलताना. जाळीची टोपली घ्या.

पाऊसपाणी:
रात्री पहिल्यांदाच तापमापक ठेवला. पहाटे चारला १९. नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ३४०.

शेवाळवेडी:
मग काळ्या टोकांचं कोडं सुटलं, क्षार साठतायत. पावसाचं किंवा आरओचं पाणी घाला. मी ५० च्या आत ठेवते. खत महिनाभर बंद, नंतर बाटलीवर लिहिलंय त्याच्या पाव भाग.

१९ ला झाड लगेच मरणार नाही, पण कुढत राहील. मी उन्हाळ्यात रात्री बर्फ झालेल्या दोन बाटल्या पंख्यासमोर ठेवते, तीनेक अंश उतरतात. जुगाड आहे, पण चालतो. कुंडी जमिनीलगत ठेवा, गार हवा खालीच असते.

आणि हो, टोव्हारेन्सिस आहे ना? फुलं गेल्यावर दांडा हिरवा राहिला असेल तर कापू नका. पुढच्या हंगामात त्याच दांड्यावर पुन्हा पांढरी फुलं येतात.

पाऊसपाणी:
ताई, हे आठ दिवस आधी सांगायला हवं होतं. तीन होते, तिन्ही हिरवे. कात्री नवीन होती.