कलमवाढ झाली की साठ दिवस पुन्हा पहिल्यापासून?

गोदाकाठ: काल इथे एकाने ठोकून दिलं, "कलमवाढ झाली की चार्जशीटचे दिवस पुन्हा एकपासून." कुणी सांगितलं? कलमवाढ म्हणजे तपासात आणखी गंभीर कलम लागणं; आणि हे दिवस म्हणजे तेवढ्यात चार्जशीट आलं नाही तर आत असलेल्या आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो ते. गुन्हा तोच, आरोपी तोच, दिवस पहिल्या रिमांडपासूनच, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली तेव्हापासूनच धरतात. वाढते ती मुदत. माझ्या मावसभावावर आधी न्याय संहितेचं 118(1), हत्याराने दुखापत, म्हणजे साठ दिवस. 57व्या दिवशी 109, खुनाचा प्रयत्न, वाढवलं. जखम झालेली, शिक्षा जन्मठेपेपर्यंत, झाले नव्वद! आम्ही 61व्या दिवसाचा जामीन अर्ज टाइप करून बसलेलो. असं ऐन वेळी कलम कसं काय आठवतं?

निवृत्तहवालदार: डॉक्टरांचं अंतिम सर्टिफिकेट येईपर्यंत तपासी अंमलदाराने कलम काय स्वप्नात बघायचं?

गोदाकाठ: 57 दिवस सर्टिफिकेट येत होतं का? कुठून, पायी?

सिडकोवाला: हसा. आमच्या केसमध्ये भोसकलेला माझा सख्खा भाऊ होता. पहिल्या दिवशी साधी दुखापत लिहिली, पोटातले टाके नंतर कळले. कलम वाढलं नसतं तर भोसकणारा दोन महिन्यांत आमच्याच गल्लीत फिरला असता.

द्राक्षबाग: साठ काय नि नव्वद काय! जामीन होऊनही आत राहतात त्यांचं बोला. चुलत्याचा जामीन झाला, पण जामीनदार आणा, सॉल्व्हन्सी, म्हणजे त्याच्या ऐपतीचा दाखला आणा. निफाडात बिनबोजाचा सातबारा दाखवा, पेटीभर द्राक्षं माझ्याकडून. 19 दिवस नाशिकरोडच्या तुरुंगात काढले त्यांनी.

निवृत्तहवालदार: तुमच्यासारखेच भाड्याचे जामीनदार उभे करतात, म्हणून कागद मागतात.

द्राक्षबाग: तुमच्यासारखे म्हणजे? शब्द मागे घ्या. सोसायटीचं कर्ज काढलं म्हणजे चोर झालो का?

निवृत्तहवालदार: तुम्हाला नाही म्हटलं. सातपूरचा एकच माणूस सहा आरोपींना जामीन राहिलेला मी पकडलाय.

द्राक्षबाग: मग त्याला धरा. आम्हाला तलाठ्याकडे चार चकरा कशाला?

गोदाकाठ: अहो, विषय कलमवाढीचा आहे.

द्राक्षबाग: तुमचा असेल.

सिडकोवाला: बरं, मोजणी पहिल्या रिमांडपासून, मान्य. वकील झालात तुम्ही. पण जामिनावर सुटलेल्यालाही गंभीर कलम वाढलं तर पुन्हा आत घेता येतं. सुप्रीम कोर्ट, प्रदीप राम खटला, 2019. हे सोयीस्कर विसरलात.

गोदाकाठ: विसरलो नाही. त्याच निकालात आहे, कोर्टाच्या हुकुमाशिवाय पोलीस साहेबांना परस्पर उचलता येत नाही. अर्धंच वाचलंत.

सिडकोवाला: तुम्ही तर तेवढंही लिहिलं नव्हतं.

द्राक्षबाग: सातबारा सापडला का कुणाला?