मदत हवी आहे: धरणात गेलेल्या गावाचं विकिपीडियावर वेगळं पान होतं का?

भीमाथडी
पान धूळपाटीवर (विकीवरच्या सरावाच्या पानावर) तयार आहे. गाव धरणात गेलं, माणसं उठली, आता तिथे कोणी राहत नाही. उल्लेखनीयतेत, म्हणजे वेगळं पान करण्याच्या निकषांत, बसतं का? एक जण म्हणतो गाव म्हटलं की पान होतंच, दुसरा म्हणतो उडवतील. आज रात्री हलवायचंय, हो की नाही तेवढं सांगा.

आकारबंद
कोणतं गाव? कोणता तालुका? मराठी विकी की इंग्रजी? महसुली गाव होतं, म्हणजे सरकारी दप्तरात स्वतंत्र मौजे म्हणून नोंदलेलं, की एखाद्या मौजेतली वाडी? शेवटच्या प्रश्नावर सगळं अडलंय. कायदेशीर ओळख असलेलं गाव ओसाड पडलं तरी साधारणपणे पात्र धरतात, कारण उल्लेखनीयता एकदा आली की जात नाही. वाडीला ही सवलत नाही. तिच्यावर कोणी स्वतंत्रपणे, नीट लिहिलेलं असावं लागतं.

भीमाथडी
मराठी विकी. धरण उजनी. महसुली असणारच, एवढं मोठं देऊळ आहे गावात.

शिरगणती
देवळाचा आणि महसुली दर्जाचा काही संबंध नाही. १९६१च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका उघडा. गाव पुणे जिल्ह्यातलं असेल तर जिल्हा 'पूना' नावाने शोधा. पुस्तिकेत तालुकावार गावांची यादी आहे. धरण १९८०ला पूर्ण झालं, म्हणजे तिथले आकडे गाव उठण्याआधीचे. तुमचं गाव स्वतंत्र ओळीत, स्वतःच्या क्रमांकासह दिसलं तर ते महसुली. सापडलं नाही तर शेजारच्या मौजेत मोडत असणार. मग २०११ची यादी बघा, तिथे प्रत्येक गावाला सहा आकडी कोड आहे. निर्मनुष्य गावंही त्यात असतात, फक्त लोकसंख्येच्या रकान्यात काही नसतं. आपल्याकडे ज्याला बेचिराख म्हणतात ते विदर्भात रिठी, तिकडची गावं शोधताना नावापुढे तेही लावून बघा.
ओळ सापडली की पान करा, विषय संपला.

संदर्भ_द्या
अजिबात संपला नाही. जनगणनेची ओळ गाव होतं एवढंच सिद्ध करते. तेवढ्या जोरावर केलेली पानं मराठी विकीवर ढिगाने पडली आहेत. 'अमुक हे तमुक तालुक्यातील एक गाव आहे' हे एक वाक्य, खाली हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा अशी रिकामी शीर्षकं. वाचणाऱ्याच्या हाती काय लागतं? बुडालेल्या गावावर चार परिच्छेद लिहिता येत नसतील तर ते धरणाच्या पानात एक उपविभाग म्हणून जास्त शोभेल.

शिरगणती
रिकामी शीर्षकं हा लेखनाचा दोष आहे, पात्रतेचा नाही. ती काढून टाका, दोन ओळी राहू द्या. दोन ओळी खऱ्या असल्या तरी पुरे.

नकाशावेडी
भांडण चालू द्या, पण नकाशे राहिलेच. भारतीय सर्वेक्षणाची धरणाआधीची ४७ जे मालिकेतली पत्रकं मिळाली तर गावठाण, देऊळ, विहिरी, वाटा सगळं दिसतं. ती हाती नसतील तर १९५०च्या दशकातले अमेरिकी लष्कराचे यू ५०२ मालिकेचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संग्रहात फुकट आहेत, पण प्रमाण १ : २,५०,०००, गाव म्हणजे नुसता ठिपका.
खबरदारी: ऑनलाइन नकाशात नाव टाकलं की टाचणी बहुतेक वेळा नव्या गावठाणावर पडते. ते अक्षांश-रेखांश उचलून जुन्या गावाला देऊ नका. आणि उपग्रहचित्रात भिंतींचे अवशेष दिसले म्हणून 'येथे अमुक पेठ होती' असंही लिहू नका, ते स्वतःचं संशोधन ठरतं, विकीवर चालत नाही.

भीमाथडी
नवं गावठाण आहेच की, त्याच नावाचं. पण मी जुन्याबद्दल विचारतोय. जुनं पळसदेव, इंदापूर तालुका.

आकारबंद
हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं! मग प्रश्न पात्रतेचा नाहीच, वेगळ्या पानाचा आहे. पळसदेव आजही पुणे-सोलापूर रस्त्यालगत नांदतं गाव आहे. मौजे तेच, नाव तेच, गावठाण वर सरकलं. गाव हलल्याने एका गावाची दोन गावं होत नाहीत. 'पळसदेव' हेच पान ठेवा, त्यात 'जुने गावठाण' हा विभाग करा.

वाळकी_नदी
तिथे बोटीने जाता येतं. पाणी उतरल्यावर गावातल्या मच्छीमारांना विचारा. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा, भिगवणच्या बाजूला रोहित पक्षीही दिसतील.

नकाशावेडी
वाळकी_नदी, कसं जायचं हे कोणी विचारलेलं नाही :) पक्ष्यांसाठी वेगळा धागा काढा.

साळावली
आकारबंदांशी असहमत. गोव्यातलं कुर्डी बघा. साळावली धरणात गेलं, लोक वाडे आणि वालकिणीला वसले, तरी दरवर्षी मे महिन्यात गाव उघडं पडतं आणि लोक परत जमतात. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं गाव म्हणूनही लिहिलं जातं. बुडालेल्या गावाला स्वतःचं पान शोभतंच.

संदर्भ_द्या
तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कुर्डीची माणसं वेगळ्या नावांच्या जागी गेली, आणि लिहिणाऱ्यांनी त्या गावाबद्दल लिहिलं: घरं, माणसं, जत्रा. महादेवाचं देऊळ उचलून दुसरीकडे उभारलं, त्याचीही नोंद आहे. पळसदेवचं तसं नाही. उजनी उण्यात गेली (पाणी उपयुक्त साठ्याच्या खाली गेलं) की बातम्या येतात त्या पळसनाथाच्या देवळाच्या, गावाच्या नव्हेत. त्यातही मजकूर वर्षानुवर्षं तोच. एकच माहिती पाच वर्तमानपत्रांनी छापली तर तो स्वतंत्र स्रोत एकच. 'हजार वर्षांपूर्वीचं' हे बातमीतलं वाक्य काळनिश्चितीला चालणार नाही, मूर्तिशास्त्राच्या किंवा स्थापत्याच्या अभ्यासकाने लिहिलेलं शोधा. ते मिळालं तर देवळाचं पान वेगळं करा. गावापेक्षा देवळाची बाजू भक्कम आहे.

भीमाथडी
म्हणजे माझा सगळा मजकूर फुकट?

आकारबंद
फुकट का जाईल? १९६१ची लोकसंख्या, भूसंपादनाची राजपत्रातली अधिसूचना (१८९४च्या कायद्याची कलमं ४ आणि ६), पुनर्वसन, हे सगळं त्या विभागात जातं. अधिसूचना प्राथमिक स्रोत आहे, तारीख आणि गावाचं नाव यापुरतीच वापरा. जुन्या बाँबे गॅझेटियरचा पुण्याचा खंड अठरावा, १८८५चा. स्थळांची माहिती त्याच्या तिसऱ्या भागात. तिथे गावाची नोंद मिळाली तर जुन्या गावाबद्दलचा सगळ्यात चांगला स्रोत तोच, कारण तेव्हा नवं गावठाण नव्हतंच.

फोटो_हवेत
देवळाचे फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त फोटो-संग्रहावर) चढवताना परवाना निवडायला विसरू नका. वर्तमानपत्रातला फोटो चालत नाही.

भीमाथडी
फोटो नाहीत माझ्याकडे. 'जुने पळसदेव' शोधणाऱ्याला विभाग कसा सापडणार?

शिरगणती
त्या नावाचं पान उघडून वाचकाला थेट विभागात नेणारी एकच ओळ टाका:
#पुनर्निर्देशन [[पळसदेव#जुने गावठाण]]
शीर्षक अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. पुढे कोणी 'जुने गावठाण'चं 'जुनं गाव' केलं तर वाचक विभागाऐवजी पानाच्या माथ्यावर जाऊन पडतो, म्हणून शीर्षकाशेजारी संपादकांसाठी लपलेली टीप ठेवा. आणि पळसदेवचं पान आधीपासून असेल तर धूळपाटीतला मजकूर अख्खा ओतू नका. एकेक परिच्छेद त्याच्या संदर्भासकट टाका, नाहीतर संदर्भाविना आलेलं आधी कापलं जातं.

संदर्भ_द्या
या वेळी शिरगणतींशी सहमत. विभाग पुढे फुगला, गावावर लिहिलेले दोन-तीन नीट स्रोत जमले, तर तेव्हा चर्चा पानावर मांडून वेगळं पान करा. पुनर्निर्देशनाच्या जागीच ते उभं राहील, दुवे मोडणार नाहीत.