2015 चं ऑस्कर: मूळ पटकथेवर खरा हक्क कोणाचा?

तिरपा_कोन
2015 च्या सोहळ्यात मूळ पटकथेचं ऑस्कर 'बर्डमॅन'ला गेलं. स्पर्धेत 'बॉयहूड', 'फॉक्सकॅचर', 'द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल' आणि 'नाइटक्रॉलर' होते. अभिनय, छायाचित्रण, संगीत बाजूला ठेवून फक्त कागदावरचं काम पाहिलं तर माझं मत 'नाइटक्रॉलर'ला. तुम्ही कोणाला दिलं असतं, आणि का? दुसरं, 'व्हिपलॅश' रूपांतरित पटकथेच्या यादीत कसा? तो कुठल्या पुस्तकावर तर नाही. (शेवट उघड करायला हरकत नाही.)

कोरा_कागद
'नाइटक्रॉलर'च. नायक बदलला पाहिजे, हा पटकथालेखनाच्या वर्गातला पहिला धडा. लेखक डॅन गिलरॉय तो सरळ मोडतो. त्याचा नायक लू ब्लूम रात्री गुन्हे-अपघातांचं चित्रण करून वृत्तवाहिनीला विकतो, आणि पहिल्या प्रसंगात जसा आहे तसाच शेवटी आहे. त्याचं बालपण, जुनी जखम वगैरे काही सांगितलेलं नाही. असा माणूस दोन तास धरून ठेवायचा तर चढण दुसरीकडे लागते, आणि ती इथे घटनांत आहे. आधी तो फक्त चित्रण करतो. मग गोळीबार झालेल्या घरात शिरून फ्रिजवरचे फोटो हलवतो. मग अपघातातला मृतदेह ओढून चौकटीत नीट बसवतो. पुढे प्रतिस्पर्ध्याची गाडी बिघडवतो, खुन्यांचे चेहरे दिसणारं चित्रण पोलिसांपासून लपवतो, आणि शेवटी स्वतःच्याच मदतनिसाला मरणाच्या तोंडी देतो. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून थोडीच वर आहे, त्यामुळे आपण नक्की कुठे थांबायला हवं होतं ते कळत नाही. मधली एक पायरी काढली तर शेवट खोटा वाटेल.

सुरुवातीचा भंगारवाल्याचा प्रसंग पुन्हा बघा. चोरीचा माल विकता विकता लू नोकरी मागतो, तीही पाठ केलेल्या भाषणाच्या थाटात. भंगारवाला म्हणतो, चोराला मी कामावर ठेवत नाही. दोन-अडीच मिनिटांत माणूस, त्याची भाषा आणि त्याची भूक, तिन्ही उभी. शिवाय या संहितेत नेहमीची दृश्यशीर्षकंच (आतलं/बाहेरचं, दिवस/रात्र) नाहीत. वाचक रात्रभर गाडीतून फिरल्यासारखा एका जागेवरून दुसरीकडे ढकलला जातो. नवख्यांनी याची नक्कल करू नये. शीर्षकं नसली तर निर्मितीचं वेळापत्रक लावणाऱ्याचे हाल होतात. गिलरॉय स्वतःच दिग्दर्शक होता म्हणून खपलं.

संकलक_नव्हे
वरचं विश्लेषण पटलं, निकाल नाही. 'बर्डमॅन'च्या लेखकांसमोरची अडचण वेगळ्या जातीची होती. जवळजवळ संपूर्ण चित्रपट सलग एका दृश्यासारखा दिसायचा, म्हणजे संकलनाची सोय गेली. एरवी विनोद लांबला तर संकलनाच्या टेबलावर कापता येतो, उपकथानक जमलं नाही तर उडवता येतं. इथे पात्र कोणत्या दारातून आत येणार, त्या वेळी दुसरं कोण बाहेर पडणार, बोळातून चालायला लागणाऱ्या वेळात किती वाक्यं मावणार, हे सगळं आधीच ठरवावं लागतं. त्यात कथेतले काही दिवस कुठेही 'कट' न दाखवता सरकवायचे.

खोट कुठे आहे तेही सांगतो. नायक रंगमंचावर बसवत असलेलं नाटक न बघताच ते संपवायची धमकी देणारी समीक्षक म्हणजे भुसा भरलेलं बाहुलं आहे. आणि रंगमंचावरच्या गोळीनंतरचा इस्पितळाचा प्रसंग माझ्या मते जास्तीचा.

'बॉयहूड' इथे का मागे पडतो हेही यातूनच कळतं. बारा वर्षं टप्प्याटप्प्याने लिहिलेलं आणि चित्रित केलेलं ते काम अफाट आहे, पण त्याची ताकद कालावधीत जास्त, प्रसंगरचनेत कमी.

नियमावली
'व्हिपलॅश'बद्दल. लेखक-दिग्दर्शक डेमियन शझेलकडे पूर्ण लांबीची पटकथा तयार होती. पैसे उभे राहावेत म्हणून त्यातलाच एक प्रसंग घेऊन 18 मिनिटांचा लघुपट केला, तो 2013 मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने लघुपट आधीचा, म्हणून चित्रपट त्यावर आधारित, असं धरलं. अमेरिकेतल्या लेखक संघटनेने आणि बाफ्टाने (ब्रिटिश चित्रपट पुरस्कार) मात्र त्याला मूळ पटकथेतच नामांकन दिलं. मुलाला बापाचा बाप ठरवण्याचा प्रकार.

याउलट 'बर्डमॅन'मध्ये अमेरिकन कथाकार रेमंड कार्व्हरच्या कथेवरचं नाटक बसवलं जातं, तरी पटकथा मूळच, कारण चित्रपटाची गोष्ट कार्व्हरची नाही. 'फॉक्सकॅचर' खऱ्या घटनेवरचा, तोही मूळ. घटना खरी असली म्हणून रूपांतर होत नाही, आधीची कलाकृती आधाराला लागते.

आता निकालाचं. नामांकनं लेखक शाखा ठरवते, पण अंतिम मत सगळ्या शाखांचे सदस्य देतात. त्यातले किती जण संहिता उघडून वाचतात? मत चित्रपटाला पडतं. 'बर्डमॅन'ला त्याच रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन आणि छायाचित्रणही मिळालं. लेखक संघटनेत तो नियमांमुळे पात्रच नव्हता. तिथे 'ग्रँड बुडापेस्ट' जिंकला, बाफ्टालाही तोच, आणि बाफ्टात तर 'बर्डमॅन' समोर होता.

कोरा_कागद
'ग्रँड बुडापेस्ट'ला दिलं असतं तरी तक्रार नव्हती. गोष्टीत गोष्ट, तिच्यात गोष्ट अशी उतरंड रचूनही 1932 मधला पाठलाग कुठे अडखळत नाही.

तिरपा_कोन
म्हणजे रूपांतरितमध्ये 'व्हिपलॅश'वर अन्याय झालाच? तिथे 'द इमिटेशन गेम' जिंकला.

नियमावली
माझ्या मते झाला. 'इमिटेशन गेम'चे तीन काळ नीट विणलेत, पण एकच सुविचार तीन वेळा, तीन प्रसंगांत म्हणवून घेतलाय. प्रेक्षकाला कळलं नसेल ही भीती तिथे उघडी पडते. तो ज्यावर आधारित आहे त्या, अँड्र्यू हॉजेसने लिहिलेल्या गणितज्ञ ॲलन ट्युरिंगच्या चरित्राशीही बरीच ओढाताण आहे: सोव्हिएत हेर केर्नक्रॉसला ट्युरिंगच्या सांकेतिक संदेश उलगडणाऱ्या तुकडीत आणून बसवलंय, त्यांच्या यंत्राला 'ख्रिस्तोफर' नाव दिलंय. ट्युरिंगच्या घरची घरफोडी जानेवारी 1952 ची, चित्रपटात ती 1951 मध्ये आहे. तारीख हलवणं चालतं. पण केर्नक्रॉस हेर असल्याचं ट्युरिंगला कळतं आणि तो गप्प बसतो, हे काल्पनिक प्रकरण खऱ्या माणसाच्या माथी मारणं मला खटकतं.

संकलक_नव्हे
'व्हिपलॅश'लाही डाग आहे. ड्रम वाजवणाऱ्या विद्यार्थ्याची बस बंद पडणं, ड्रमच्या काठ्या विसरणं, मग अपघात, सगळं एकाच दमात. योगायोगाने पात्र अडचणीत आलं तर प्रेक्षक माफ करतो, पण तीन सलग म्हणजे लेखकाचा हात दिसतो. शेवटच्या कार्यक्रमात त्याचा शिक्षक फ्लेचर त्याला न सांगितलेली रचना वाजवायला लावतो, तो सापळा मात्र अस्सल. त्याची कारणं विद्यार्थ्याने आधी फ्लेचरविरुद्ध केलेल्या तक्रारीत पेरलेली आहेत.