मुंबईत पाच दिवस, मुक्काम दादरला: टुरिस्ट तिकीट घ्यावं की रोजचं?

डिचोलीकर:
नमस्कार. थिवीहून कोकणकन्येने निघून दादरला उतरणार आहोत. आई (६८), बायको, ११ वर्षांचा मुलगा आणि मी. मुक्काम दादर पूर्वेला. सिद्धिविनायक, राणीची बाग, गेटवे आणि एक दिवस नेरूळला मावशीकडे, एवढंच ठरलंय. आपल्या गोव्याच्या कदंबा बसमध्ये बसलं की कंडक्टर येऊन तिकीट देतो, लोकलचं तसं नाही हे माहीत आहे. रेल्वेचं १, ३ आणि ५ दिवसांचं टुरिस्ट तिकीट असतं म्हणे. ते घ्यावं का? आईचे गुडघे दुखतात, जिने फार नकोत.

घाटउतार:
तुमच्या फिरण्याला टुरिस्ट तिकीट परवडत नाही. दादर ते सीएसएमटी सेकंड क्लासचं भाडं ५ रुपये आहे. दिवसात चार फेऱ्या केल्या तरी माणशी २० रुपये. रोज विरार, कल्याण, पनवेल असं उलटसुलट फिरणाऱ्याला त्याचा उपयोग, कारण दरवेळची रांग वाचते. तुम्ही रोज सकाळी रिटर्न काढा, म्हणजे परतीच्या रांगेचाही प्रश्न मिटतो. मुलाचं हाफ तिकीट लागतं, ५ ते १२ वर्षांपर्यंत.

रांग टाळायची तर गोव्यातूनच ‘रेलवन’ ॲप घालून, नोंदणी करून ठेवा. तिकीट काढताना पेपरलेस निवडा. लोक चुकतात ते इथेच: ॲप जीपीएस बघतं, त्यामुळे स्टेशनच्या आत किंवा गाडीत बसून तिकीट निघत नाही. लॉजवरून निघतानाच काढा. टीसीला तिकीट ॲपमध्येच दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही. फोन बंद पडला तर तुम्ही विनातिकीट, आणि दंड कमीत कमी २५० रुपये, वर भाडं. चौघांची तिकिटं एकाच फोनवर असतील तर तो फोन मुलाच्या हातात खेळायला देऊ नका.

सकाळी ८ ते ११ सीएसएमटी-चर्चगेटकडे आणि संध्याकाळी ५ ते ९ उलट दिशेला आईंना घेऊन चढू नका. ११ नंतर निघा, ४ च्या आत परता. गर्दीत चढणं एकवेळ जमतं, उतरणं जमत नाही. आपलं स्टेशन यायच्या आधीच दाराजवळ सरकावं लागतं आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तेच अवघड.

रूळवाट:
नेरूळबद्दल सांगतो. नेरूळ हार्बर लाइनवर आहे आणि ती लाइन दादरला येत नाही. दादरहून सेंट्रलच्या गाडीने कुर्ला, तिथे पूल ओलांडून हार्बरची गाडी. तिकीट मात्र दादर–नेरूळ असं एकच काढा, कुर्ल्याला नवीन लागत नाही. कुर्ल्याला इंडिकेटरवर ‘पीएल’ म्हणजे पनवेल, ‘बीआर’ म्हणजे बेलापूर. या दोन्ही नेरूळला थांबतात. ‘व्हीए’ असेल तर ती वाशीलाच संपते, ती सोडा. हार्बरवर सगळ्या गाड्या स्लो, फास्ट-स्लोचा विचार नको. सेंट्रलवर मात्र बघावं लागतं: राणीच्या बागेसाठी भायखळ्याला उतरायचंय, तिथे स्लो थांबतेच, बहुतेक फास्टही थांबतात. बाहेर पूर्वेला पडा.

नेरूळचा दिवस रविवार ठेवू नका. रविवारी दुपारी बहुधा मेगाब्लॉक (रुळांच्या दुरुस्तीचं काम) असतो आणि हार्बरची वाहतूक काही तास बंदही ठेवतात. राणीची बाग बुधवारी बंद असते. गेटवेहून घारापुरीला जायचं मनात आलं तर तिथल्या लेण्या सोमवारी बंद.

आणखी एक. दादरचे फलाट ९ डिसेंबर २०२३ पासून सलग क्रमांकाचे झालेत: वेस्टर्न १ ते ७, सेंट्रल ८ ते १४. जुना माणूस अजून ‘सेंट्रलचा एक नंबर’ म्हणतो, तो आता ८ आहे. विचारताना नुसता नंबर विचारू नका, ‘सेंट्रल की वेस्टर्न’ हेही विचारा. नाहीतर आईंना तो लांबलचक पूल दोनदा चढावा लागेल.

सांजवारा:
सिद्धिविनायकाला लोकल नकोच. मेट्रो ३ चं दादर स्टेशन पश्चिमेला आहे, पुढचंच स्टेशन सिद्धिविनायक, भाडं १० रुपये. लिफ्ट आणि सरकते जिने आहेत. पण हे मेट्रो स्टेशन रेल्वे स्टेशनला लागून नाही, पूर्वेहून तिथपर्यंत चालवण्यापेक्षा आईंना सरळ टॅक्सीत बसवा. दादरला रिक्षा मिळत नाही, ती वांद्रे-शीवच्या पलीकडे. आणि आपल्याकडच्यासारखा पायलटही (भाड्याची मोटरसायकल) नाही.

बेस्टमध्ये (मुंबईची शहर बस) मात्र कदंबासारखा कंडक्टर असतो. कमीत कमी भाडं साध्या बसला १०, एसीला १२ रुपये, मे २०२५ पासून. सुटे ठेवा. चर्चगेट किंवा सीएसएमटीहून गेटवेला बसनेच जा.

डिचोलीकर:
फार उपकार झाले. टुरिस्ट तिकिटाचा विचार सोडला. आईला एसी लोकलने नेलं तर?

घाटउतार:
न्या, दुपारच्या वेळी चांगली. फक्त तिकीट आधीच एसीचं काढा. साध्या तिकिटावर चढलात तर तोच दंड. एसीच्या गाड्या मोजक्या असतात, म्हणून वेळ आधी बघा, मग तिकीट काढा. ती गाडी चुकली तर पुढच्या एसीसाठी बराच वेळ फलाटावर थांबावं लागतं आणि बसायला बाक मिळेलच असं नाही. दारं आपोआप बंद होतात, सगळ्यात आधी आईंना चढवा, सामान मागाहून.