ब्रिस्टलची ४ जुलैची परेड, आईबाबांना घेऊन जायचंय, मदत हवी आहे

ऱ्होड आयलंडमधल्या ब्रिस्टलची ४ जुलैची परेड कोणी बघितली आहे का? १७८५ पासून तिथे हा दिवस साजरा करतात, होप स्ट्रीटवर मधली पट्टीसुद्धा लाल-पांढरी-निळी रंगवलेली असते, आईबाबा इकडे आलेत तर त्यांना एकदा ते दाखवायचंच आहे. परेड साडेदहाला सुरू होते पण रस्ते बरेच आधी बंद करतात. ब्रिस्टलमध्ये हॉटेल मिळालं नाही म्हणून प्रॉव्हिडन्सला राहतोय, गाडी आहे. बाबांचे गुडघे दुखतात, सलग दहा मिनिटांच्या वर चालवत नाही, व्हीलचेअरला ते तयार नाहीत, फोल्डिंग खुर्च्या नेणार आहोत. मी नकाशावर रूट बघून ठेवलाय, टाउनच्या वेबसाइटवरची पार्किंगची माहितीही वाचली, पण प्रत्यक्ष किती चालावं लागतं ते त्यावरून कळत नाही. आईला ऊन सोसत नाही. पूर्ण परेड बघायलाच हवी असं नाही, तासभर निवांत बसून बघता आली तरी पुष्कळ.

तर जे जाऊन आलेत त्यांनी प्लीज सांगा, होप स्ट्रीटच्या कुठल्या भागात झाडांची सावली आणि जवळ टॉयलेट मिळेल, आणि त्यांना तिथे जवळ उतरवायचं तर प्रॉव्हिडन्सहून सकाळी किती वाजता निघावं?