घरी प्रथमोपचार पेटीत काय काय ठेवावं? (बाळ ९ महिने, मोठी ४ वर्षं, बजेट ८००)

निशिगंधा_बदलापूर
नमस्कार मंडळी. घरात दोन पोरं. धाकटा रांगतोय, जमिनीवर जे दिसेल ते तोंडात. मोठी सोफ्यावरून उड्या मारते. परवा तिच्या कपाळाला खोक पडली तेव्हा कपाटात सापडलं काय, तर २०२१ मध्ये मुदत संपलेलं मलम आणि चिकटपणा गेलेल्या दोन पट्ट्या. मे महिन्यात महाडजवळ सासरी जायचंय, तिथून मेडिकल बरंच लांब. बजेट ८००, फार तर ९००. तयार पेटी घ्यावी की सुटं सामान आणून डबा भरावा? काय हवंच आणि काय उगाच, ते सांगा.

बाबा_दोन_मुलांचा
८०० मध्ये काही होत नाही हो. आमच्याकडे नेब्युलायझर आहे, ऑक्सिमीटर आहे, कपाळासमोर नुसता धरायचा तो थर्मामीटर आहे, बीपीचं मशीनही आहे. सातेक हजार गेले, पण रात्री शांत झोप लागते. पोरांच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

चौकस_चंपक
@बाबा, नऊ महिन्यांच्या बाळाचं बीपी मोजता का?
बाकी तयार पेटीच्या नादी लागू नका. मी एक ऑनलाइन मागवली होती, "१०० हून अधिक वस्तू" असं डब्यावर छापलेलं. त्यातल्या बहुतेक वस्तू म्हणजे सेफ्टी पिना, कानकाड्या आणि एकेक सुटी मोजलेली पट्टी. कात्रीने कागदसुद्धा कापला जाईना. डबा तेवढा छान. आता त्यात मुलाचे क्रेयॉन आहेत.

आजीचा_बटवा
हल्ली सगळं विकतच आणायचं खूळ आहे. आम्ही तीन मुलं वाढवली, घरात हळद, तूप, वेखंड, कापूर आणि कांदा एवढंच. भाजलं की हळद-तूप. सर्दी झाली की कापूर-ओव्याची पुरचुंडी बाळाच्या उशाशी. घोळणा फुटला किंवा आकडी आली की कांदा हुंगवायचा. खर्च शून्य.

स्वप्नील_७
डिजिटल थर्मामीटर घ्याच. पाऱ्याचा नको. आमचा पडून फुटला आणि पाऱ्याचे गोळे पलंगाखाली पळत होते.

रात्रपाळी
मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. आजी, राग मानू नका, पण भाजल्यावर हळद-तूप, टूथपेस्ट, बटाट्याचा कीस यातलं काहीही नको. चहा सांडून पाठ भाजलेली पोरं येतात तेव्हा पाठीवर पांढऱ्या पेस्टचा थर वाळून पापड झालेला असतो. खाली किती खोल भाजलंय हे बघायला तो आधी धुवून काढावा लागतो, आणि त्या वेळी ते पोर जे ओरडतं ते ऐकवत नाही.
भाजलं की लगेच नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं. बर्फ नको. बांगडी, वाळे, करदोटा सूज यायच्या आत काढा. कपडा चिकटला असेल तर ओढू नका. मग स्वच्छ, धागे न सुटणारं सुती कापड सैल झाकून दवाखाना. फोड फोडायचे नाहीत. बाळ लहान असेल तर भाजलेला भाग तेवढाच पाण्याखाली, बाकी अंग गरम ठेवा. यातलं काहीच विकत आणायचं नाही, म्हणजे ८०० शाबूत.

डब्लिनकर
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. आमच्याकडे इथे तर पोळीच्या डब्यावर लावतो ती पारदर्शक फिल्म लावायला सांगतात, जखमेला चिकटत नाही. इकडे पालकांसाठी वर्ग असतो, बाहुली देऊन सराव करून घेतात. भारतात असं काही दिसत नाही.

चौकस_चंपक
भारतात रेड क्रॉस आणि सेंट जॉन ॲम्ब्युलन्स दोघांचेही प्रथमोपचाराचे वर्ग होतात. पूर्वीपासून. दिसत नाही म्हणजे नाही असं नसतं.

डब्लिनकर
बरं. माहितीबद्दल धन्यवाद. टोन बघा.

फार्मसीवाली
माझं मेडिकलचं दुकान आहे, म्हणून काय घ्यावं ते सांगते. निर्जंतुक गॉजची (जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाची) पाकिटं, रोलर बँडेज दोन रुंदीची, कागदी चिकटपट्टी, पट्ट्यांचं छोटं पाकीट, पोव्हिडोन आयोडीनचं जंतुनाशक मलम (बाळाला डॉक्टरांना विचारूनच), बोथट टोकाची कात्री, चिमटा, डिजिटल थर्मामीटर, ओआरएसची पाकिटं, पॅरासिटामॉलचं औषध आणि ते मोजायला सिरिंज. कात्री-चिमटा घरात असेल तर ८०० मध्ये आरामात बसतं. कापूस उघड्या जखमेवर थेट लावू नका, तंतू अडकतात. जखम आधी साबण-पाण्याने धुवायची, मग बाकी सगळं.

पॅरासिटामॉलचं मात्र नीट वाचा. एकाच औषधाच्या तीन बाटल्या मिळतात. सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ, सिरप ५ मिलीत २५० मिग्रॅ, आणि ड्रॉप्स १ मिलीत १०० मिग्रॅ. ड्रॉप्सची बाटली सगळ्यात लहान, म्हणून लोकांना वाटतं औषध सौम्य. उलट आहे. डोस वजनावर, किलोला १५ मिग्रॅपर्यंत. ८ किलोच्या बाळाला १२० मिग्रॅ म्हणजे पहिल्या सिरपचे ५ मिली, पण ड्रॉप्सचे फक्त १.२ मिली. ड्रॉप्स चमचाभर पाजले तर चौपटीच्या वर जातं. तुमच्या डॉक्टरांकडून दोन्ही मुलांचा डोस मिलीत लिहून घ्या आणि तो कागद बाटलीला रबरबँडने लावून टाका. दोन डोसमध्ये सहा तास.

खोकल्याचं सिरप पेटीत ठेवूच नका. २०२५ मध्ये छिंदवाड्याला विषारी खोकल्याच्या सिरपने लहान मुलं दगावली ते सगळ्यांनी वाचलंय. ॲस्पिरिनही मुलांना नाही.

बाबा_दोन_मुलांचा
ओआरएसचे तयार टेट्रापॅक बरे, चव चांगली असते. आम्ही पेटीच आणून ठेवतो.

फार्मसीवाली
नाही हो. त्यातले बरेच गोड सरबत असतात. म्हणूनच ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने (अन्नसुरक्षा बघणारी सरकारी संस्था) पेयांच्या नावात ओआरएस शब्द वापरायला बंदी केली. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघा. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकून बाकीचं चिमट्याने बंद करून ठेवतात, ते चूक. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून द्यायचं.

अमृता_भ
थर्मामीटर डिजिटलच घ्या.

महाडकर
सगळे बदलापूरच्या घराचं बोलतायत, बाई महाडला चालल्यात. आमच्याकडे मे महिन्यात विंचू निघतात, लाल विंचू. त्याचं विष लहान मुलाच्या हृदयावर जातं. विंचवावर काम करून ज्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली ते डॉ. हिंमतराव बावस्कर महाडचेच. त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली आणि किती पोरं वाचली. पण ती घरी द्यायची गोळी नाही, हे आधीच सांगतो.
पोराला दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, असं दिसलं की उतारा, मंत्र, कांदा काही न करता थेट दवाखाना. सापालाही तेच. दोरी आवळून बांधू नका, चिरा मारू नका, पाय हलू देऊ नका. १०८ ला फोन लावा, नाहीतर शेजाऱ्याची गाडी. गावी पोचलात की पहिल्या दिवशीच विचारून ठेवा की कुठल्या सरकारी दवाखान्यात विषावरची लस (प्रतिविष) असते आणि रात्री डॉक्टर असतो का. आणि पोरांच्या चपला झटकून घालायच्या. पेटीत टॉर्च टाका.

आजीचा_बटवा
कांद्याला सगळ्यांनी धरलंय. आमच्या मुलीचा घोळणा कांद्याने थांबायचा.

रात्रपाळी
आजी, तो आपोआपही थांबतो. मुलाला बसवून डोकं किंचित पुढे, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा, मध्ये सोडून बघायचं नाही. मान मागे टाकली की रक्त पोटात जातं आणि मग उलटी. तापात आकडी आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा किंवा बोट घालायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर ताबडतोब दवाखाना. थांबली तरी पहिल्या वेळी दाखवायचंच.
कापराचं मात्र गंभीर आहे. रांगतं बाळ पुरचुंडी सोडून तोंडात घालतं. थोडासा कापूर पोटात गेला तरी आकडी येऊ शकते. देवघरातला डबीतलाही वर ठेवा.

आजीचा_बटवा
आमची मुलं इंजिनियर झाली.

चौकस_चंपक
कापरामुळे?

रात्रपाळी
भांडू नका. रांगणाऱ्या बाळाला पेटीपेक्षा जास्त गरज घशात काही अडकलं तर काय करायचं याची आहे. खोकत असेल, रडत असेल तर खोकू द्या. आवाजच बंद झाला तर बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, पाठीवर खांद्यांच्या दोन फऱ्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब. परत थापा. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, ते मोठीसाठी. वस्तू दिसत नसताना घशात बोट घालू नका, आत ढकलली जाते. दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.
रिमोटमधला बटणासारखा सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघत बसायचं नाही, थेट दवाखाना, अन्ननलिका दोन तासांत जळायला लागते. फिनेल, रॉकेल प्यायलं तर उलटी काढायची नाही.

स्वप्नील_७
वाचनखूण साठवली. हे कोणीतरी छापून फ्रिजवर लावायला पाहिजे.

बाबा_दोन_मुलांचा
आमच्या फ्रिजवर आहे. लॅमिनेट करून.

निशिगंधा_बदलापूर
सगळ्यांचे मनापासून आभार, विशेषतः रात्रपाळी, फार्मसीवाली आणि महाडकर. डॉक्टरांकडून डोस लिहून घेतला. आमच्याकडे ड्रॉप्स होते आणि मी सिरपचा चमचा काढून ठेवला होता, म्हणजे वेळेवर वाचलं.
आता रागावू नका, मी तयारच घेतली. लाल चेनचा पाउच, ११५० ला. वर पांढरी खूण आहे आणि खुंटीला टांगता येतो. सासूबाईंना चष्म्याशिवाय दिसला पाहिजे, स्टीलचा डबा भरला असता तर त्यांनी तो चकल्यांसाठी रिकामा केला असता. आतली कात्री खरंच बोथट आहे. सेफ्टी पिना काढून टाकल्या, त्या जागी गॉज, सिरिंज, ओआरएस आणि टॉर्च. कापूर वरच्या फळीवर गेला. कांदा आहेच.

चौकस_चंपक
म्हणजे आम्ही इतकं टंकलं ते कशासाठी?

महाडकर
बाई, पाउच खुंटीवरून काढताना पण आधी झटका. विंचू कुठेही बसतो.

अमृता_भ
पाउचची लिंक व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा ना प्लीज. आणि यात थर्मामीटर येतो का?