मदत हवी आहे: ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सच्या जुन्या ऑर्डरवह्या

कुर्ल्याच्या भंगारात एका रिंग फ्रेमची (सूत कातायच्या यंत्राची) बिडाची पाटी मिळाली: प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम, 1912. (जिथे कापसाचं बोंडही पिकत नाही, इंग्लंडमधल्या त्या गावाने मुंबईच्या गिरण्यांना सूतकताईची यंत्रं पुरवली!) हे यंत्र कोणत्या गिरणीसाठी बनलं, ते शोधतोय. पाटीवर क्रमांक नाही, फक्त साल. ओल्डहॅमला जाऊन आलो. ग्रंथालयात कारखान्याचे फोटो दिसले, ऑर्डरवह्या नाहीत. कंपनीची कागदपत्रं प्रेस्टनच्या लँकेशर अभिलेखागारात आहेत, एवढं कळलंय. मी मँचेस्टरला राहतो, हाताशी सुट्टीचा एकच दिवस आहे, त्यामुळे कागद आधीच मागवून ठेवायचेत. तिथे कोणी शोध घेतलाय का? वह्या सालाप्रमाणे लावल्यात की गिऱ्हाइकाच्या नावाने, आणि आधी कोणती मागवू?